दीड फूट नळी

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी ती वाचली आणि पुढे गेलो. लेख, कविता, प्रवासवर्णन हे आपले काम नव्हे, असेच मला वाटत होते. पण वर्गात मराठीच्या सरांनी विचारले, "आणे पठारावरून कोण येते?" मी भीतभीत हात वर केला. सर म्हणाले, "मग तुमच्याकडचे काहीतरी लिहा. रंगदासस्वामींची यात्रा, आमटी-भाकरी." आमच्या गावची पौषातली यात्रा आणि तिथला आमटी-भाकरीचा महाप्रसाद जुन्नर तालुक्यात कोणाला ठाऊक नाही? त्यावर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते एका रबरी नळीविषयी. विषय अगदीच गद्य आहे, हे मला कळते. तिला सुगंध नाही, पेट्रोलचा वास आहे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून ती माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तिच्यात माझा एक अपराध गुंतलेला आहे.

आमचे घर आण्याच्या वस्तीवर. घाट चढून वर आले की पठार लागते, आणि पठार लागले की पाण्याची गोष्ट संपते. खाली कुकडीचे कालवे वाहतात, ऊस उभा असतो. वर आम्ही बाजरी, मूग आणि पाऊस झाला तर कांदा करतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. अडीच एकरांवर घर चालत नाही म्हणून वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, २०१५ साली एक जुनी ओम्नी घेतली. गाडी २००६ सालची. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून बाजारात आली, १९८८ साली तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली ती बनायची थांबली, ही माहिती मी नंतर मिळवली. दादांना तिच्याविषयी एवढेच माहीत होते की, ती कोणालाही नाही म्हणत नाही. सोमवारी बेल्ह्याचा बाजार, लग्नसराईत वऱ्हाड, रात्री-अपरात्री आळेफाट्याला न्यायचा पेशंट, कांद्याच्या गोण्या, आणि एकदा तर दोन शेळ्या व एक नवरदेव एकाच फेरीत. माझी कॉलेजची फी याच गाडीने भरली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. दादा चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. आजी मला अजून विचारते, "बीए झाल्याव काय व्हतं रं?" मी काही बोलायच्या आत दादा सांगतात, "वाचाया येतं." जणू मला आत्ता वाचता येत नाही!

आता नळीकडे येतो. ज्यांना यंत्रांचा कंटाळा आहे त्यांनी हा एक परिच्छेद सोडला तरी चालेल. मीही पूर्वी सोडला असता. जुन्या गाड्यांत कार्बोरेटर असे. त्यात पेट्रोल एका वाटीत येऊन बसते आणि इंजिन ते हवेबरोबर ओढून घेते. त्यामुळे नळीत जोर फार नसतो, पाव किलोच्या आसपास. २००० सालानंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आले. यात पेट्रोल ओढले जात नाही, बारीक तोंडाच्या इंजेक्टरमधून फवारले जाते. औषध फवारणीचा पंप ज्याने पाठीवर घेतला आहे त्याला हे लगेच कळेल. दट्ट्या मारल्याशिवाय फवारा उडत नाही. तो दट्ट्या म्हणजे टाकीतला विजेचा पंप. अशा गाडीच्या नळीत साधारण तीन किलोचा दाब असतो. मोटारीच्या टायरात आपण तीस पौंड हवा भरतो. या करंगळीएवढ्या नळीत चाळीस पौंडांहून थोडे जास्तच असते. आणि ओम्नीचे इंजिन असते कुठे? पुढच्या सीटखाली. म्हणजे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा माणूस इंजिनावरच बसलेले असतात. टाकीपासून पुढे येणारी नळी लोखंडी असते; पण इंजिन चालताना हलते आणि गाडीचा सांगाडा हलत नाही, म्हणून मधला तुकडा रबराचा ठेवावा लागतो. आमच्या गाडीत तो तुकडा दीड फुटाचा होता.

गेल्या श्रावणात दादांना त्या तुकड्यावर बारीक चिरा दिसल्या. एकोणीस वर्षांचे रबर, माझ्याच वयाचे. टोकाला ते फुगले होते आणि बोटाने दाबले तर मधे कडक लागत होते. दादांनी मला चारशे रुपये दिले आणि सांगितले, "कॉलेजातून येताना फाट्यावरनं दीड फूट पाईप आण. इंजेक्शनच्या गाडीचा म्हणून सांग. चांगला बघून आण."

दुकानदाराने दोन वेटोळी माझ्यापुढे ठेवली. एकावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी छापलेले होते. ते दोनशे चाळीस रुपये फूट. दुसरे कोरे, काळे, गुळगुळीत, साठ रुपये फूट. मी विचारले, "फरक काय?" तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. म्हणाला, "हा इंजेक्शनचा, तो साधा. पण लोक तोही लावतात." लोक तोही लावतात, हे वाक्य मला पुरले. मी साधा घेतला. नव्वद रुपये झाले. घरी दादांना सांगितले की तीनशे साठ झाले, आणि चाळीस परत दिले. मधल्या दोनशे सत्तर रुपयांची आम्ही चार मित्रांनी फाट्यावर मिसळ खाल्ली, वर चहा घेतला. त्या दिवशी आमच्यातल्या एकाचा वाढदिवस होता आणि दर वेळी पैसे देताना माझ्या खिशाला हात जात नाही, याची मला लाज वाटत असे. त्या दिवशी मी ऐटीत पैसे दिले. हे कारण आहे, सबब नव्हे. एवढा फरक दोन वर्षांत मराठीच्या तासाला शिकलो आहे.

दादांनी दुसऱ्याच दिवशी तो पाईप बसवला. बसवताना एकदा त्यांनी तो बोटात वळवून पाहिला आणि म्हणाले, "मऊच लागतोय." मी म्हणालो, "नवा हाये म्हणून." पुढे दोन महिने गाडी चालली. दसऱ्याच्या सुमारास आईने सांगितले की, गाडीत बसले की डोके दुखते, वास येतो. दादांनी खाली वाकून पाहिले, काही दिसले नाही. मी पुस्तक वाचत ओट्यावर बसलो होतो. मी म्हणालो, "पेट्रोलची गाडी, पेट्रोलचाच वास येणार." हे वाक्य बोलल्याचे मला स्वच्छ आठवते, कारण त्यावर सगळे हसले होते आणि मला बरे वाटले होते.

दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी आम्ही बेल्ह्याच्या बाजारातून परत येत होतो. गाडीत सात माणसे, मागे पिशव्या, एक कोंबडीचे खुराडे. पुढे दादांच्या शेजारी आमच्या वस्तीवरचे एक आजोबा. मी मधल्या सीटवर. गुळुंचवाडी मागे पडली, आण्याचा घाट सुरू झाला. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते, इंजिन तापते, हे रोजचेच. पण त्या दिवशी वळणावर असा भपका आला की, मागच्या बायकांनी पदर नाकाला लावले. त्याच वेळी आजोबांनी कानावरची बिडी काढली आणि काडी पेटवायला पेटी हातात घेतली.

दादांनी काय केले ते मी मागून पाहिले. एका हाताने चावी फिरवून इंजिन बंद केले आणि दुसऱ्या हाताने आजोबांच्या हातातली काडेपेटी उडवली. ती खिडकीतून बाहेर गेली. "उतरा समदी! लांब व्हा!" एवढेच ते ओरडले. दादा कधी ओरडत नाहीत. आम्ही खाली उतरलो, गाडी हँडब्रेकवर उभी, चाकाखाली मी दगड लावला. दादांनी पुढची सीट उचलली. मी आणलेला पाईप क्लिपेच्या जवळ फुगला होता, आणि फुगवट्याला पडलेल्या एका चिरेतून पेट्रोल धारेने नव्हे, धुक्यासारखे उडत होते. इंजिन बंद असूनही उडत होते, कारण पंप थांबला तरी नळीतला दाब लगेच उतरत नाही. खाली एक्झॉस्टचा लोखंडी तोटा तापून बसला होता. दादांनी तो पाईप मुठीत आवळून धरला. धरताना त्यांचा पंजा आणि मनगट त्या तोट्याला टेकले. तरी त्यांनी सोडला नाही. दाब उतरेपर्यंत किती वेळ गेला असेल? अर्धा मिनिट असेल. तो अर्धा मिनिट मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहत होतो. माझ्या हातात कोंबडीचे खुराडे होते.

काही झाले नाही. वाचणाऱ्याची कदाचित निराशा होईल, पण काही झाले नाही. मागून आलेल्या एका पिकअपने माणसे वर नेली, दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने गाडी ओढून घरी आणली. दादांच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी बांधली. त्या रात्री आमच्या घरी चुलते आले आणि म्हणाले, "भंगारात घाल ती आता. फेब्रुवारीत वीस वर्सं व्हतील. परत पासिंगचा खर्च." दादा गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, "नळी खराब झालीय, गाडी न्हाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "माझा हात चालत न्हाय. तुला करावं लागंल."

मी आयुष्यात कधी पाना हातात धरला नव्हता. गाडी दुरुस्त होताना मी नेहमी वाचत बसलेला असे, आणि दादाही मला उठवत नसत.

दुसऱ्या दिवशी मी आळेफाट्याला गेलो, या वेळी दुसऱ्या दुकानात. तिथला म्हातारा मालक बोलका निघाला. मी सोबत फुटलेला तुकडा नेला होता. त्याने तो हातात घेतला, आत बोट घालून फिरवले आणि बोट मला दाखवले. ते काळे झाले होते. म्हणाला, "आतनं विरघळायला लागलाय. दाब तर सोसत नाहीच, पण आताचं पेट्रोलही सोसत नाही." मग त्याने मला जे सांगितले ते पुढे मी आपल्या ग्रंथालयात आणि मोबाइलवर वाचून ताडून पाहिले.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा आपल्या देशातला पहिला प्रयोग २००१ साली झाला तो मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली या तीन ठिकाणी. म्हणजे तिनांतली दोन ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातली. तेव्हा प्रमाण होते शेकडा पाच. २०२२ साली ते शेकडा दहा झाले, फेब्रुवारी २०२३ पासून काही पंपांवर शेकडा वीसचे पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ साली देशभर तेच झाले. आमची गाडी बनली २००६ साली. तिच्या रबराने हे पेट्रोल स्वप्नातही पाहिले नव्हते. साध्या रबराला इथेनॉल फुगवते आणि मऊ करते. ते हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ओल धरते. शिवाय टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणते. त्यात पेट्रोलपेक्षा उष्णताही कमी, साधारण दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातच म्हटले आहे की, जुन्या धाटणीच्या चारचाकीचे अॅव्हरेज शेकडा सहा-सात टक्क्यांनी घटू शकते. केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला की, काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील. तो खर्च थोडा आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते काम होते. खर्च थोडा आहे हे खरेच. दोनशे सत्तर रुपये जास्त.

या ठिकाणी एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. हे इथेनॉल उसाच्या रसापासून आणि मळीपासून होते. अलीकडे मका आणि तुकडा तांदूळ यांपासूनही पुष्कळ होते. आळेफाट्यावर मी नळीचे पुडके घेऊन एस.टी.ची वाट पाहत उभा होतो, तेव्हा समोरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या जात होत्या. कुकडीचे पाणी पिऊन वाढलेला ऊस. ते पाणी आमच्या पठारावर कालव्याने कधी चढले नाही. पण त्या पाण्याचा थोडासा अंश, मद्यार्क होऊन का होईना, आमच्या ओम्नीच्या टाकीपर्यंत पोचला, आणि पोचल्यावर त्याने आमची नळी फाडली. मला हा विनोद त्या वेळी फार कडू वाटला. पण हे रडगाणे मी मामांना ऐकवले तेव्हा ते रागावले. मामांचा येडगावकडे ऊस आहे. ते म्हणाले, "इथेनॉल हाये म्हणून कारखान्याच्या हातात पैसा येतो, आणि आमचं बिल निघतं. तुजी नळी दीड फुटाची, माजा ऊस दोन एकराचा." मी निरुत्तर झालो. परदेशी तेलावरचा खर्च वाचतो, हेही वर्तमानपत्रात वाचले आहे. कोणाचे खरे? दोघांचेही असावे. आणि खरे सांगायचे तर, माझ्या हातून घडले त्याचे खापर इथेनॉलवर फोडण्याचा मोह मला होत होता. जुना तुकडा एकोणीस वर्षे टिकला होता. मी आणलेला अडीच महिनेसुद्धा टिकला नाही.

नव्या नळीच्या अंगावर इंग्रजी अक्षरे होती. दुकानदाराने ती वाचायला शिकवली. जे-तीस म्हणजे मानकाचा क्रमांक. पुढे आर-सहा किंवा आर-सात असेल तर ती कार्बोरेटरसारख्या कमी दाबाच्या कामाची. आर-नऊ असेल तर इंजेक्शनची, शंभर पौंडांपर्यंत दाब सोसणारी, आणि तिच्या आत फ्लुरो रबराचे अस्तर असते, त्याला इथेनॉल लवकर बाधत नाही. ज्या नळीवर काहीच छापलेले नसेल तिच्याविषयी दुकानदार म्हणाला, "जिला नाव नाही, गाव नाही, तिच्यावर माणसं बसवायची नाहीत." मी या वेळी साडेचार फूट घेतली, दादांनी सांगितले होते की, टाकीजवळचा तुकडाही बदलून टाकू. क्लिपाही निराळ्या घेतल्या. आपल्याकडे सर्रास मिळते ती खाचांची क्लिप. आवळली की खाचा रबरात रुततात आणि ते कापत जातात. इंजेक्शनची क्लिप सलग पट्टीची असते, तिच्या कडा बाहेर वळलेल्या असतात. एक नवा फिल्टर घेतला. हे सगळे पैसे आईने गाठोड्यातून काढून दिले होते.

अंगणात काम काढले. दादा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बाजेवर बसले. बिडी त्यांनी स्वतः नेऊन गोठ्यापलीकडे ठेवली आणि आजीच्या चुलीतला विस्तव पाण्याने विझवायला लावला. आजी पुटपुटत राहिली. जवळ वाळूची बादली. मग ते एकेक सांगत गेले आणि मी करत गेलो. आधी पंपाचा फ्यूज काढायचा आणि मग गाडी सुरू करायची. नळीतले उरलेले पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडते, म्हणजे दाब उतरला. नंतर बॅटरीची वायर सोडायची. मग नळीभोवती फडके गुंडाळून क्लिप सैल करायची. तरीही घोटभर पेट्रोल माझ्या हातावर आलेच. ते इतके गार लागते हे मला माहीत नव्हते.

जुनी नळी ओढून निघेना. मी पक्कड घेऊन पिरगाळू लागलो, तर दादा म्हणाले, "पिरगाळू नको, लोखंडी तोटी वाकंल. ब्लेडनं उभी चीर." चिरली आणि ती सालीसारखी निघाली. लोखंडी नळीच्या तोंडाशी एक उंचवटा असतो. नवी नळी त्याच्या पलीकडे पुरती चढवायची आणि क्लिप उंचवट्याच्या मागे आवळायची. अलीकडे आवळली तर दाबाने नळी निसटते. पहिल्या वेळी मी अलीकडेच आवळली. दादांनी बसल्या जागेवरून ओळखले. दुसऱ्या वेळी इतकी आवळली की ते म्हणाले, "गळा दाबतो काय तिचा?" तिसऱ्या वेळी जमले.

त्यानंतर दादांनी आपली कल्पना सांगितली. मूळची नळी एक्झॉस्टच्या अगदी जवळून जात होती. "आपण तिची वाट बदलू," ते म्हणाले. इंजिनाच्या दुसऱ्या अंगाने, थोडी लांब पण गार बाजूने, सांगाड्याला दोन ठिकाणी पट्टीने धरून नळी नेली. वळणावर मुडपू नये म्हणून चार बोटे ढिली ठेवली, म्हणजे इंजिन हलले तरी ताण येणार नाही. आणि जिथे थोडी आच लागण्याचा संभव होता तिथे ऑइलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून आडोसा केला. पत्र्याची कड त्यांनी मला दोन वेळा घासायला लावली, आणि त्यावरून तरी बोट फिरवून पाहिलेच. कंपनीच्या इंजिनिअरने हे पाहून काय म्हटले असते कोण जाणे! पण चौथी शिकलेल्या माणसाने बाजेवर बसून, हात न लावता, हवेत बोटाने रेघ ओढून ती वाट मला दाखवली आणि ती नेमकी बसली.

नळी बसवताना दादांनी विचारले, "त्याच्याव काय लिव्हलंय?" मी वाचून दाखवले आणि दुकानदाराने सांगितलेला अर्थही सांगितला. त्यांनी मन लावून ऐकले. "आर-नऊ," असे एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. मग विचारले, "आन् पैल्या पायपाव काय व्हतं?"

मी गाडीखाली होतो. तिथून त्यांचे फक्त पाय दिसत होते. मी म्हणालो, "काय नव्हतं."

"काय नव्हतं म्हंजी?"

"कोरा व्हता. साधा. नव्वद रुपयाला आणला दादा. तुमाला तीनशेसाठ सांगितले."

पाय हलले नाहीत. बराच वेळ कोणी बोलले नाही. कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग दादा म्हणाले, "बाकीच्याचं काय केलं?"

"मिसळ खाल्ली. चौघांनी."

"बरी व्हती का?"

मला उत्तर देता आले नाही. ते रागाने विचारत होते, की खरेच विचारत होते, हे मला आजही ठरवता आलेले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ती खालची क्लिप बग. आवळलीस का?" मी आवळली.

सगळे झाल्यावर बॅटरी जोडली, फ्यूज बसवला. दादा म्हणाले, "लगीच सुरू करू नको. नुसती चावी फिरव." चावी फिरवली की पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि नळीत दाब भरतो. असे चार वेळा केले. प्रत्येक वेळी मी खाली जाऊन आजीच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा प्रत्येक जोडावरून फिरवला आणि दादांना नेऊन दाखवला. त्यांनी तो नाकाला लावून पाहिला. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून असेल. मला त्याचे वाईट वाटले नाही. चौथ्या वेळी फडके कोरडे आले तेव्हा ते म्हणाले, "मार सेल." इंजिन पहिल्याच झटक्याला लागले.

पुढच्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला गाडी मी चालवली; लायसन्स होते, हिंमत नव्हती. दादा शेजारी बसले होते. परतताना घाट सुरू झाला तसे त्यांनी पुढे वाकून सीटखालचा वास घेतला, मग पाठ टेकली. ते बिडीवाले आजोबा या वेळी मागे जाऊन बसले होते. आण्याचा फाटा दिसल्यावर त्यांनी विचारले, "आता वढू का?" दादा म्हणाले, "घरी जाऊन वढा."